चार पंजांची पकड

उजव्या हाताचा पंजा टेबलावर पसरून ठेवा. तळवा आणि बोटं मिळून किती जागा झाकली गेली ते नीट बघा. आता असे चार पंजे डोळ्यांसमोर आणा. तुमच्या गाडीचा आणि रस्त्याचा संबंध एवढाच. बाराशे किलोचं धूड, आत घरची माणसं, डिकीत बॅगा, ताशी १०० किलोमीटरचा वेग, आणि या सगळ्याला जमिनीशी जोडून ठेवणारे रबराचे चार तुकडे, प्रत्येक तुकडा जेमतेम पंजाएवढा. गाडी पळते त्यांच्यावर, वळते त्यांच्यावर, आणि समोर अचानक म्हैस आडवी आली की थांबतेही त्यांच्याच भरवशावर.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उभ्या गाडीशेजारी उकिडवा बसून टायर जमिनीला कुठे टेकतो ते बघितलं होतं. खरंच, एवढंच टेकतो!

‘ब्रेक गाडी थांबवतो’ असं आपण सहज म्हणून जातो. पण ब्रेकचा हात पोचतो फक्त चाकापर्यंत. तो चाक धरतो, गाडीला धरतो तो रस्ता. सांडलेल्या ऑइलवर चाकं गच्च आवळली तरी गाडी निवांत पुढे सरकत राहते, कारण रस्त्याने तिला धरलेलंच नसतं. संकटाच्या क्षणी आपण नेमकं हेच विसरतो. म्हणून आधी बघू या, पेडलवर पाय पडल्यापासून गाडी थांबेपर्यंतच्या दोन-चार सेकंदांत काय काय घडतं. फार सुंदर गोष्टी घडतात.

सुरुवात वेगापासून करू. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या बाराशे किलोच्या गाडीत साधारण ४ लाख ६० हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते. हा आकडा कोरडा वाटत असेल तर तो स्वयंपाकघरात आणा. एवढ्या ऊर्जेत साधं, माठातलं म्हणा, दीड लिटर पाणी खळाखळा उकळतं. चौदा-पंधरा कटिंगचं आधण! घरातल्या गॅसला त्यासाठी काही मिनिटं लागतात. गाडी थांबवायची तर तेवढी सगळी ऊर्जा तीन-साडेतीन सेकंदांत कुठेतरी रिकामी करावी लागते. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते. चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन बाजूंनी ब्रेक पॅड चिमटीत धरतात, घासतात, आणि वेगाची उष्णता होते. एका अर्थाने ब्रेक ही चाकात बसवलेली शेगडीच आहे. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत कधी बघा, वळणाआधी त्या गाड्यांच्या चकत्या निखाऱ्यासारख्या लालभडक होतात. आपल्या गाडीत तेच घडतं, फक्त बेताने.

आता यातली खरी मेख. वेग दुप्पट झाला की ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ५० च्या वेगातली गाडी बारा-तेरा मीटरमध्ये थांबत असेल, तर १०० च्या वेगातल्या गाडीला पन्नासेक मीटर लागतात. आकडे पटतात, पण अंगाला भिडत नाहीत. म्हणून एक कोडं घालतो.

दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्या आहेत. एक ७० ने, दुसरी १०० ने. रस्त्यात झाड पडलेलं दिसतं आणि दोघी अगदी एकाच ठिकाणी पूर्ण ब्रेक दाबतात. ७० ची गाडी झाडाला टेकता टेकता थांबते, बोटभर अंतर राखून. मग १०० ची गाडी झाडावर किती वेगाने आदळेल? तीसने, असं बहुतेक जण म्हणतात. शंभरातून सत्तर गेले, उरले तीस. खरं उत्तर आहे ७१!

हो, एकाहत्तर. पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरी अजून ताशी ७१ किलोमीटरने धावते आहे. वजाबाकी वेगांची करायची नसते, वेगांच्या वर्गांची करायची असते. १०० चा वर्ग १०,०००, ७० चा ४,९००, उरले ५,१००, आणि त्याचं वर्गमूळ एकाहत्तरच्या थोडं वर. ७१ च्या वेगाने आदळणं म्हणजे सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडणं. मी हे कोडं ज्याला ज्याला घातलं, त्याने कागद-पेन घेऊन पुन्हा हिशोब केला. तुम्हीही करून बघा.

आणि या कोड्यात आपण माणसाला धरलेलंच नाही. डोळ्यांना म्हैस दिसते, मेंदू ओळखतो की हे दगड किंवा सावली नव्हे, मग ठरवतो, मग पायाला निरोप धाडतो, पाय ॲक्सिलरेटरवरून उठतो, ब्रेकवर येतो. मज्जातंतूंतून निरोप सेकंदाला शंभरेक मीटरच्या वेगानेही धावू शकतो, त्यामुळे प्रवासात वेळ फारसा जात नाही. वेळ जातो ओळखण्यात आणि ठरवण्यात. सावध माणसाला हे सगळं करायला एक ते दीड सेकंद लागतो. १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. क्रिकेटची आख्खी खेळपट्टी ओलांडून वर आणखी आठ मीटर! दीड सेकंदात ४२ मीटर, म्हणजे जवळजवळ चार एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर. एवढं अंतर गाडी पूर्ण वेगात जाते. ब्रेकला अजून पाय लागलेला नसतो. मोबाइलवर आलेला मेसेज बघायला दोन सेकंद मान खाली घातली, तर पंचावन्न मीटर डोळे मिटून गेल्यासारखेच. पुढच्या गाडीपासून निदान तीन सेकंदांचं अंतर ठेवा असं सांगतात, त्यामागे हा हिशोब आहे. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा. तोवर तुम्ही त्या खांबापाशी पोचू नये. पावसात आणखी सावकाश मोजा.

पाय ब्रेकवर आला. पुढे काय होतं?

पायाच्या जोरावर बाराशे किलो थांबवायचे कसे, हे आपल्याला सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्काल या फ्रेंच माणसाने शिकवलं. त्याने मोटार कधीच पाहिली नव्हती. पण बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला तर तो दाब द्रवात सगळीकडे तेवढाच पोचतो, हे त्याने ओळखलं. मग युक्ती सोपी आहे. एका टोकाला लहान दट्ट्या, दुसऱ्या टोकाला मोठा. दाब तोच, पण मोठ्या दट्ट्याचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून जोरही जास्त. पेडल ही तरफ. ती पायाचा जोर काही पट वाढवते, इंजिनाच्या निर्वात पोकळीवर चालणारा बूस्टर तो आणखी वाढवतो, आणि बारीक नळ्यांतून ब्रेक ऑइल तो चारही चाकांपर्यंत नेतं. जोरात ब्रेक दाबला की या नळ्यांत हवेच्या दाबाच्या शंभर पटीच्या आसपास दाब तयार होऊ शकतो, आणि पुढच्या चाकाचे पॅड चकतीला एक टनाहून जास्त जोराने आवळतात. बुटाच्या तळव्याखालून! १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्गने चारही चाकांना असे द्रवाचे ब्रेक असलेली मोटार बाजारात आणली. त्याआधी सळया आणि तारा ओढून ब्रेक लागत, आणि चारही चाकांना सारखा ताण देणं ही मेकॅनिकची रोजची डोकेदुखी होती. पास्कालच्या नियमाने ती एका फटक्यात संपवली.

इतकं सगळं करून शेवटी जोर येतो त्या चार पंजांपाशी. आणि इथे मला सगळ्यात जास्त आवडणारं आश्चर्य आहे.

गाडी १०० ने धावत असताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, त्याचा वेग किती? शून्य. तो भाग त्या क्षणी रस्त्यावर स्तब्ध उभा असतो!

विश्वास बसत नाही ना? पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की चिखलात मागे काय उरतं ते आठवा. टायरच्या नक्षीचा स्वच्छ, रेखीव ठसा. टायर घासत गेला असता तर नक्षी फरफटून पुसली गेली असती. चाक रस्त्यावर घासत नाही, ते पावलं टाकतं. चालताना आपलं शरीर पुढे जात असतं, पण टेकलेलं पाऊल जागेवर असतं, तसंच. टायरचा वरचा भाग त्या क्षणी २०० च्या वेगाने पुढे झेपावत असतो आणि खालचा भाग रस्त्याला घट्ट धरून उभा असतो.

हा उभा राहण्याचा गुण ब्रेकच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचा आहे. भरलेलं कपाट सरकवायचा प्रयत्न केला आहे ना कधी? सुरुवातीला हलता हलत नाही, आणि एकदा सरकलं की कमी जोर लागतो. जागेवर असलेल्या वस्तूची पकड जास्त, घसरणाऱ्या वस्तूची कमी. टायरचंही तसंच. ब्रेक मारताना टायर किंचित घसरतो, रबर ताणलं जातं. ही घसरण साधारण दहा ते वीस टक्के असते तेव्हा रस्त्याची पकड सगळ्यात जास्त मिळते. त्यापुढे गेलं आणि चाक पुरतं जाम झालं, की पकड घटते.

पकड घटली तरी एक वेळ चालेल, पण दिशा जाते. ओल्या फरशीवर साबणाची वडी ढकला. ती सरळ जाते. मग वडी उभी ठेवा, आडवी ठेवा, तिरकी ठेवा, तिला काही फरक पडत नाही. ती जिकडे निघाली होती तिकडेच जाते. जाम झालेलं चाक म्हणजे साबणाची वडी. स्टिअरिंग कितीही वळवा, पुढची चाकं वळलेली दिसतात आणि गाडी मात्र सरळ झाडावर जाते. वळण्यासाठी चाक फिरत असावं लागतं.

म्हणजे संकटात माणसाने काय करायला हवं? ब्रेक इतका जोरात दाबायचा की चाक जाम व्हायच्या उंबरठ्यावर येईल, पण जाम होणार नाही. तेही चार चाकांसाठी, एक चाक डांबरावर, दुसरं ओल्या पट्ट्यावर, तिसरं वाळूवर असताना. आणि छाती धडधडत असताना. कुणाला जमणार?

हा प्रश्न आधी विमानांना पडला. धावपट्टीवर उतरताना चाक जाम झालं तर टायर क्षणात झिजून फुटतो. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या डनलॉप कंपनीने ‘मॅक्सरेट’ नावाचं उपकरण आणलं. त्यात इलेक्ट्रॉनिक असं काहीच नव्हतं. चाकासोबत एक छोटं जड चक्र फिरायचं. चाक अचानक मंदावलं, तरी ते जड चक्र आपल्याच धुंदीत फिरत राहायचं, आणि दोघांच्या वेगातला हा फरकच एक झडप उघडून ब्रेकचा दाब सोडायचा. चाक सावरलं की झडप बंद. किती साधं आणि किती हुशार! १९६६ च्या जेन्सन एफएफ या मोटारीत हेच तंत्र आलं. मग १९७८ मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक प्रणाली मर्सिडीझच्या एस क्लासमध्ये बसली, आणि एबीएस ही तीन अक्षरं रस्त्यावर आली. आपल्या देशात २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे.

हे एबीएस करतं काय? प्रत्येक चाकाशी एक संवेदक चाकाचा वेग मोजत बसलेला असतो. १०० च्या वेगात चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेरे घेतं, आणि एकेका फेऱ्यात संवेदकाला कित्येक ठोके मिळतात. एखाद्या चाकाचे ठोके बाकीच्यांपेक्षा झपाट्याने मंदावले, की संगणकाला कळतं, हे चाक आता जाम होणार. तो त्या चाकापुरता दाब किंचित सोडतो, चाक सावरतं, पुन्हा दाब देतो. एका सेकंदात दहा-पंधरा वेळा! संक्रांतीला पतंग उडवणारा मुरलेला खेळाडू आठवा. मांजा तुटेल इतका ताणत नाही, सैल सोडून पतंग गमावतही नाही. ढील, खेच, ढील, खेच. चार पतंग एकाच वेळी, तेही सेकंदाला दहा-पंधरा झटक्यांनी उडवणारा तो उस्ताद तुमच्या पायाखाली बसलेला आहे.

फक्त त्याची एक अट आहे. तुम्ही पाय उचलायचा नाही.

इथेच घोळ होतो. एबीएस काम करायला लागलं की पेडल पायाखाली थडथड उडतं, खालून करकर, घरघर असा आवाज येतो. आयुष्यात पहिल्यांदा हे अनुभवणाऱ्याला वाटतं, काहीतरी तुटलं. तो दचकून पाय उचलतो. नेमक्या त्या क्षणी, जेव्हा यंत्र त्याच्यासाठी जिवाच्या आकांताने काम करत असतं! ती थडथड म्हणजे यंत्र चालू असल्याची खूण आहे.

त्याहून मोठी अडचण अशी की बहुतेक माणसं संकटात ब्रेक पुरेसा दाबतच नाहीत. मर्सिडीझच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात सिम्युलेटरवर साध्या चालकांना खोट्या संकटात टाकून पाहिलं. पाय चटकन पेडलवर यायचा, पण पेडल निम्मं-अर्धंच दबायचं. वर्षानुवर्षं आपण पायाला हळुवार ब्रेक मारायची सवय लावलेली असते. आतल्या माणसांच्या कपातला चहा हिंदकळू नये म्हणून. ती सवय जिवावर बेतली तरी सुटत नाही. मग १९९६ मध्ये ‘ब्रेक असिस्ट’ आलं. ते पेडल किती दाबलं याच्याइतकंच किती झटकन दाबलं हेही बघतं. पाय घाबरून आलेला आहे हे त्याला वेगावरून ओळखता येतं, आणि उरलेला जोर ते स्वतः लावतं. माणसाची भीती पायातून वाचणारं यंत्र! मला हे वाचून काही दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

तेव्हा एबीएस असलेल्या गाडीत संकट आलं तर पेडल तळाला टेकेपर्यंत, सीटला पाठ रेटून, पूर्ण ताकदीने दाबायचं आणि गाडी उभी राहीपर्यंत दाबून धरायचं. आपल्याकडे अनेकांना आधी क्लच दाबायची खोड असते. आधी ब्रेक. आधी क्लच दाबला तर इंजिनाचा रोध सुटतो आणि गाडी मोकळी होते. गाडी थांबायच्या बेताला आली की क्लच, म्हणजे इंजिन बंद पडणार नाही. आणि नजर? नजर म्हशीवर ठेवू नका. जिकडे बघाल तिकडे हात वळतात, हा माणसाचा स्वभाव आहे. मोकळी जागा शोधा, तिकडे बघा, दोन्ही हातांनी स्टिअरिंग तिकडे वळवा, पाय मात्र ब्रेकवर तसाच. चाकं फिरती ठेवून एबीएस तुम्हाला हीच मुभा देतं. जुन्या, एबीएस नसलेल्या गाडीत चाकं जाम झाल्याचं जाणवलं की पाय अगदी थोडा सैल करायचा आणि लगेच पुन्हा दाबायचा. एक जागा मात्र अशी आहे जिथे एबीएसला अंतर जास्त लागू शकतं, ती म्हणजे सुटी खडी किंवा भुसभुशीत माती. जाम चाकापुढे खडीचा ढीग साठतो आणि तोच अडसर होतो. फिरत्या चाकापुढे तो साठत नाही. म्हणून खडीच्या रस्त्यावर वेगच कमी हवा.

दुचाकीवाल्यांसाठी एक गोष्ट. ब्रेक मारला की गाडी नाक खुपसते, बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पकडही पुढेच जास्त असते. मोटारीला पुढे मोठे डिस्क त्यासाठीच असतात. पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटा पडतो या भीतीने आयुष्यभर फक्त मागचाच ब्रेक वापरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. गाडी सरळ धरून दोन्ही एकदम, पुढचा चढत्या जोराने, असंच थांबायचं असतं.

पाऊस आला की सगळी गणितं बदलतात. महिनोन् महिने रस्त्यावर साठलेलं ऑइल, टायरची भुकटी आणि धूळ पहिल्या सरीत कालवली जाते, आणि वळवाच्या त्या पहिल्या अर्ध्या तासात रस्ता साबण लावल्यासारखा होतो. पुढे पाणी साठलं की टायरच्या खाचा पाणी बाजूला फेकायचं काम करतात. खाचा १.६ मिलिमीटरच्या खाली गेल्या की टायर कायद्यानेही बाद, पण त्याच्या बऱ्याच आधीपासून तो पाणी फेकायला कमी पडतो आणि पाण्यावर तरंगायला लागतो. तरंगणाऱ्या टायरला एबीएसही काही मदत करू शकत नाही. चार पंजे जमिनीवरच नसतील, तर धरणार कोण?

आता घाट. महाराष्ट्रात राहून ब्रेकबद्दल बोलायचं आणि घाटाबद्दल बोलायचं नाही, असं होऊच शकत नाही.

खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना आपण सुमारे पाचशे मीटर खाली येतो. बाराशे किलोची गाडी पाचशे मीटर उतरली की जी ऊर्जा मोकळी होते, ती १०० च्या वेगातून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याएवढी असते. चहाच्या भाषेत अठरा-एकोणीस लिटर पाण्याचं आधण. पंचवीस टनांच्या ट्रकला हाच हिशोब लावा, जवळजवळ चारशे लिटर! ही सगळी उष्णता ब्रेकच्या शेगडीत ओतली तर काय होईल? लायनर आणि पॅड इतके तापतात की त्यांची पकडच मंदावते. पाय तितकाच दाबतो, गाडी मात्र ऐकत नाही. घाटाच्या पायथ्याशी येणारा तो जळका वास याचाच असतो. त्यापुढचा टप्पा ब्रेक ऑइल उकळण्याचा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ च्या आसपास येऊ शकते. ऑइल उकळलं की नळ्यांत वाफेचे बुडबुडे. द्रव दबत नाही म्हणून पास्कालची युक्ती चालते. वाफ मात्र स्पंजासारखी दबते. पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला असं गॅरेजवाला सांगतो, ते यासाठी.

मग इतकी ऊर्जा जिरवायची कुठे? इंजिनात! गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून ॲक्सिलरेटर सोडला की चाकं इंजिनाला फिरवायला लागतात. आता इंजिन गाडी ओढत नाही, उलट गाडीने रेटलेला एक जड पंप होतं, आणि गाडीची मस्ती जिरवतं. कितीही वेळ. त्याला थंड करायला रेडिएटर आहेच. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा’ हे जुन्या ड्रायव्हर लोकांचं वाक्य अगदी पक्क्या विज्ञानावर उभं आहे.

आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे? आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की संगणक इंधन पुरतं बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फुकट फिरतं. न्यूट्रल केलं तर इंजिनाला चालू राहायला इंधन प्यावंच लागतं. म्हणजे बचतीसाठी जे करतात त्यानेच इंधन जास्त जळतं! इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून भयंकर. ट्रकचा ब्रेक लावायला लागणारी हवा इंजिनावरच्या कॉम्प्रेसरमधून येते, मोटारीच्या ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या जिवावर चालतो, आणि स्टिअरिंगही जड होतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार किती जणांना भोवला आहे ते आपण बातम्यांत वाचतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच अपघातात कितीतरी वाहनं चेपली गेली.

मघाच्या खंडाळा-खोपोलीच्या बोरघाटात रेल्वेने हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. १८६३ मध्ये ही घाटवाट सुरू झाली, ३७ फुटांत एक फूट इतका तीव्र चढ घेऊन. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर? म्हणून वाटेत कॅच सायडिंग ठेवली, चढावर जाऊन संपणारी एक बाजूची लोहमार्गाची शेपटी. सांधा मुळात तिकडेच लावलेला. गाडीने आधी थांबून दाखवायचं, ती ताब्यात आहे हे सिद्ध झालं की मगच मुख्य मार्गाचा सांधा लागणार. जी थांबू शकत नाही ती आपोआप चढावर जाऊन दमणार. ब्रेक चालतात असं गृहीत धरायचंच नाही, दर वेळी परीक्षा घ्यायची! मला या व्यवस्थेपुढे हात जोडावेसे वाटतात.

मोटारीतही असा अविश्वास मुरवलेला आहे, फक्त दिसत नाही. मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडलकडच्या दट्ट्याच्या नळकांड्यात, एक नाही, दोन स्वतंत्र कप्पे असतात. अनेक गाड्यांत एक कप्पा पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक सांभाळतो, दुसरा उरलेली दोन. एक नळी फुटली तरी दोन चाकं धरतात. हँडब्रेकला तर ऑइलच लागत नाही, तो बहुतेक गाड्यांत तारेवर वेगळाच चालतो.

तेव्हा पेडल खाली गेलं आणि गाडी थांबेना, तर हाताशी बरंच काही शिल्लक असतं. पेडल भराभर पंप करा, उरलेल्या ऑइलचा दाब पुष्कळदा परत येतो. गिअर एकेक खाली आणा, चौथ्यावरून एकदम पहिल्यावर नको, चाकं घसरतील. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा, हिसका दिलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर बटण सतत धरून ठेवा. हॉर्न, चारी इंडिकेटर, आणि चढ किंवा मोकळी कडा मिळते का ते बघणं. किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

याच्या उलट, ॲक्सिलरेटर अडकला, पायपुसणं सरकलं किंवा सीटखालची पाण्याची बाटली घरंगळत पेडलपाशी आली, तर ब्रेक पंप करू नका. ॲक्सिलरेटर पूर्ण दबलेला असताना बूस्टरची पोकळी भरून निघत नाही, आणि दर पंपाला ती संपत जाते. एकदाच, घट्ट, शेवटपर्यंत दाबा आणि गाडी न्यूट्रल करा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या.

ती बाटली मात्र आजच दाराच्या कप्प्यात ठेवा.

आणि येत्या रविवारी सकाळी एक काम करा. मोकळं, सपाट मैदान किंवा रिकामा रस्ता शोधा. सोबत घरचं कुणीतरी घ्या, सगळ्यांचे पट्टे लावा, आरशात बघा, मागे कुणी नाही याची खात्री करा. गाडीत एबीएस असेल तर ताशी चाळीसपर्यंत न्या आणि ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा. पेडल थडथडेल, खालून आवाज येईल, पट्टा छातीला आवळेल. पाय उचलू नका. गाडी थांबेपर्यंत दाबून धरा. मग पुन्हा एकदा करा, आणि तुमच्यानंतर घरात जो जो गाडी चालवतो त्याच्याकडूनही करवून घ्या.